ओलं म्हणजे पाणी

"ओलं ठेवलंय ना त्याच्याजवळ? मग झालं," वेतवाली म्हणाली आणि टोच्याने खुर्चीच्या भोकातली लाकडी खुंटी उचकटली.

"ओलं काय, वहिनी? पाणी म्हणा की!" दाराच्या चौकटीला टेकून तिचा दीर म्हणाला.

"तोंड भिजल्याशी कारण. नावाने कुणाची तहान जात नाही, भाऊजी."

"तुमच्याशी बोलायचं म्हणजे वकील सोबत घेऊनच यायला हवं. ते जाऊ द्या. पोपट बोलला का?"

"राघूला वाटेल तेव्हा तो तोंड उघडेल."

"वाटेल तेव्हा म्हणजे? मोठा आरसा आलाय, नळ बसलेत. तुमच्याकडून खुर्च्या आल्या की सलून पुन्हा उघडतोय. गिऱ्हाईक आत आलं की याने 'या, बसा' म्हणायला हवं. सगळ्या बाजाराला सांगून ठेवलंय मी. बोलला तर दुकानात टांगीन. नाही बोलला तर पक्षीवाल्याला देऊन टाकीन, पिंजऱ्यासकट."

"म्हणजे शब्द काढला तरी जाणार, नाही काढला तरी जाणार."

"जाणार म्हणजे? माझाच आहे की तो! आणि त्याला सारखं बाहेर काढून खांद्यावर घेऊ नका. सवय लागेल."

"हात कापलेल्याला तुरुंग कशाला लागतो, भाऊजी? जाऊन जाऊन जाईल कुठे?"

दीर मान हलवत पुढे दुकानात गेला आणि फरशी घासणाऱ्या गवंड्याला सांगू लागला, "आमची वहिनी काय बोलते राव! पंखांना हात म्हणते, पिंजऱ्याला तुरुंग. शिकली असती तर पुस्तकं लिहिली असती हिने."

वहिनीला पुस्तकंबिस्तकं काही लिहायची नव्हती. तिला 'पिंजरा' म्हणता येत नव्हतं, म्हणून ती तुरुंग म्हणायची. 'प' आणि 'ब' ही दोन अक्षरं लहानपणापासून तिच्या ओठांशी वैर धरून बसली होती. ओठ मिटले की उघडतच नसत. आत शब्द नटूनथटून उभा आणि दाराला बाहेरून कडी. जोर केला की चाक दगडाला अडावं तसं प-प-प सुरू व्हायचं, मानेला झटका बसायचा, डोळे आपोआप मिटायचे. शाळेत मास्तरांनी एकदा वाचायला उभं केलं. 'ही पाटी, हा पाट', एवढंच होतं. अख्खा वर्ग तिच्याबरोबर प-प-प करत सुटला आणि खुर्चीत बसलेले मास्तरही पोट धरून हसले. मार बसला असता तर ती विसरली असती. हसणं विसरली नाही. त्या दिवशी तिने ठरवलं, जो शब्द आपल्याला अडवतो त्याच्या दारातच जायचं नाही. शेजारच्या बोळातून निघायचं.

आणि बाई अशी पक्की, की निघाली. पाणी म्हणजे 'ओलं'. पोपट म्हणजे 'राघू'. परवा म्हणजे 'उद्याचा उद्या'. 'बघ' म्हणायचं तिथे 'डोळे लाव'. कुणी विचारलं, किती खुर्च्या झाल्या, आणि झालेल्या असल्या पाच, तर ही म्हणायची, "चारावर एक." गिऱ्हाईक हसायचं. बाई मिश्कील आहे, म्हणायचं. पोरीचं नाव सासूने 'प'वरून ठरवलं तेव्हा हिने दात-ओठ खाऊन ते हाणून पाडलं आणि कारणाबद्दल ताकास तूर लागू दिला नाही. सासूच्या मनात ते सलत राहिलं. "थोरलीला सरळ बोलायचं वावडं," सासू जो भेटेल त्याला सांगायची. "पाच म्हणायला काय जीभ झिजते? चारावर एक! जशी काही आम्हाला बेरीज शिकवतेय. माजोरी, दुसरं काय."

खरी गोष्ट नवऱ्याला तेवढी ठाऊक. तो ट्रकवर, महिन्यातले थोडेच दिवस घरी. माणूस मायेचा. ती अडली की पटकन तिचा शब्द पुरा करून द्यायचा. पोराच्या हातातलं ओझं मोठ्या माणसाने काढून घ्यावं तसा. तिला ते हसण्याहून झोंबायचं. म्हणून त्याच्याशीही ती बोळातूनच जायला लागली.

धंदा मात्र तिने बिनतोंडाचा निवडला. बाप वेताच्या खुर्च्या विणायचा, त्याच्याकडून ही शिकली. घराच्या मागच्या पडवीत घमेल्यात वेताच्या पट्ट्या भिजत पडलेल्या. पट्टी भिजली की चामड्यासारखी वळते, सुकली की काडीसारखी मोडते. मधलं जे काय थोडं असतं तेवढ्यात हात चालवायचा. उभी, आडवी, मग तिरकी. प्रत्येक भोकात पट्टी ओढून खुंटी ठोकायची, पुढची ओढली की मागची खुंटी काढायची. शेवटी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी जाळी उमटते. या कामात 'टक टक' आणि 'सुर्र' यापलीकडे कुणी काही बोलायचं नसतं.

तिथे हा राघू आला.

आधी तो सलूनमध्ये नंबर लावून बसलेल्या लोकांच्या डोक्यावर टांगलेला असायचा. रिकामा माणूस आणि टांगलेला पोपट समोरासमोर आले की काय होतं ते सांगायला नको. कुणी कंगवा खुपसायचा, कुणी फवाऱ्याची बाटली मारायचा, कुणी तोंड जाळीला लावून 'मिठू मिठू' करत शिट्ट्या मारायचा. राघूने बोलायचं सोडून एकच काम धरलं, स्वतःच्या छातीची पिसं उपटायची. दिराने दाणा घालायला हात आत घातला तर त्याच्या तर्जनीची लांबी कमी करता येते का ते बघितलं. सलूनची फरशी उखडली, धूळ झाली, तेव्हा दीर पिंजरा घेऊन पडवीत आला. बोटाला चिंधी होतीच. "थोडे दिवस राहू द्या, वहिनी. माणसाळवा आणि बोलायला शिकवा." पी हळद आणि हो गोरी!

तिने त्याच्याकडे पाहिलं. कोपऱ्यात चिकटलेला, छाती उघडी पडलेली, डोळे फिरताहेत. दहाजण बोल बोल म्हणत अंगावर आले म्हणजे आत काय होतं, ते तिला कुणी समजावून सांगायला नको होतं. तिने पिंजरा भिंतीच्या कोनात ठेवला, म्हणजे मागून कुणी येणार नाही. तीन बाजूंनी जुन्या चादरीचा तुकडा टाकला. चौथी बाजू आपल्याकडे, आणि त्या बाजूला पाठ करून कामाला बसली. बोलली नाही, बघितलंही नाही. बघणारा मांजर असतो, आणि पाठ करून बसणारा आपल्यातला असतो, एवढं पाखराला कळतं.

पाठीमागे काही दिवस नुसती शांतता. मग दाण्यांचा आवाज. मग एकदा खुर्चीची पट्टी ओढताना तिचं टोक पिंजऱ्याच्या जाळीत गेलं आणि ते पलीकडून ओढलं गेलं. हिने ओढलं, त्याने ओढलं. मागे न बघताच तिने तो तुकडा त्याला सोडून दिला. राघूने त्याचे उभे चिरून चिरून तंतू केले. पिसं उपटायला चोच रिकामी राहिनाशी झाली. रोज कामाचं कातरण ती त्याला द्यायची. आधी जाळीतून, मग दार उघडं ठेवून दाराशी, मग दाराबाहेर गुडघ्यावर. हात पुढे करायची नाही. हाताने त्याचं पुष्कळ वाईट केलं होतं. वेताची काठी आडवी धरायची. एक दिवस तो काठीवर चढला. पुढे काठी आखूड होत गेली आणि बोट लांब होत गेलं, आणि कधीतरी काठी संपली. खांद्यावर बसून तो चोच कुरकुर घासायचा. पोपट झोपेला आला, निर्धास्त झाला की असा घासतो. तिने मान वळवली नाही. हात तेवढा हळू चालवला.

बोलायचं म्हणाल तर ती त्याच्याशी केव्हा बोलायला लागली ते तिचं तिलाच कळलं नाही. वाटी भरताना एकदा तोंडातून निघून गेलं, "पा... पा... पाणी." मानेला झटका, डोळे मिटलेले. उघडले तर राघू मान तिरकी करून तिच्याकडे बघत होता. हसत नव्हता. शब्द पुरा करून द्यायला धावत नव्हता. नजर चोरत नव्हता. पुढचं काय ते ऐकायला नुसता थांबला होता. कुणीतरी आपल्यासाठी असं थांबल्याचं तिला आठवेना.

मग तिला चेवच आला. साठवलेले सगळे शब्द तिने बाहेर काढले. दुपारी घर झोपलं की पडवीत सुरू, "पे-पेरू. पि-पिंजरा. बा-बा-बादली." मनाला येईल तिथे अडायची, वाटेल तेवढं अडायची. जे हातात असेल ते त्याला दाखवायची, द्यायची आणि त्याचं नाव घ्यायची. पाखरू असंच शिकतं, शब्दापाठोपाठ वस्तू आली की शब्द त्याचा होतो. दीर मात्र अधूनमधून दारातून 'या बसा! या बसा!' असं ओरडून जायचा. उंटावरून शेळ्या हाकायच्या आणि शेळ्या हलत नाहीत म्हणून शेळ्यांनाच शिव्या द्यायच्या, तसला प्रकार.

राघूने आधी हातोडीची टकटक उचलली. मग पट्टीची सुर्र. आणि एका दुपारी, वाटी कोरडी पडलेली, ती खुंटी ठोकतेय, मागून आवाज आला:

"पा... पा... पाणी!"

तिच्या हातातली हातोडी बोटावर पडली. आवाज तिचाच होता. अडखळही तीच, बरोब्बर तेवढीच लांब. वळून बघते तर राघूने मानेला झटका दिला आणि डोळे मिटले. तिचा झटका, तिचे डोळे. जन्मभर जे पदराखाली झाकलं ते हिरवं होऊन समोर बसलं होतं. आपलेच दात आणि आपलेच ओठ!

त्या रात्रीपर्यंतसुद्धा ती थांबली नाही. चादरीचा तुकडा चौथ्या बाजूनेही ओढला. दुसऱ्या दिवसापासून वाटी भरताना फक्त 'ओलं, ओलं'. पालथ्या घड्यावर पाणी. आतून 'पा-पा' सुरू झालं की ती जोरात हातोडी आपटायची. राघू गप्प झाला. तिला वाटलं, सुटले. मग झाडताना पिंजऱ्याखाली एक पीस दिसलं. मग आणखी. छातीचं कोवळं, नुकतं उगवलेलं.

ती पीस हातात धरून घमेल्याशी उकिडवी बसली. घमेल्यात वेत जास्त भिजून काळा पडत होता, तिकडे तिचं लक्ष नव्हतं. त्या मास्तरांनीही तिच्यावर असाच काहीतरी कपडा टाकला होता, आणि पुढे तो कपडा तिचा तिनेच धरून ठेवला होता. आता ती तो दुसऱ्याच्या अंगावर टाकत होती. बोलला नाही तर पक्षीवाला नेणार. बोलला तर सगळ्यांसमोर आपल्या तोंडाने बोलणार.

तिने चादर ओढून काढली, घडी केली आणि फरशी पुसायला घेतली.

"शिकवायचं तर आपल्या तोंडाने शिकवायचं," ती राघूला म्हणाली. "दुसरं तोंड आणू कुठून? म्हण. या, ब... ब... बसा."

सलून उघडायच्या दिवशी भिंतभर आरसा आणि त्यात बाजार भरलेला. पक्षीवाला पहिल्या खुर्चीत गालाला साबण लावून बसलेला. सासू नव्या वेताच्या खुर्चीत ऐसपैस. राघूचा पिंजरा बरोबर आरशासमोर टांगलेला. वेतवाली शेवटची खुर्ची घेऊन आत येत होती, तेवढ्यात तिच्या पुढून गवंडी आत शिरला, आणि राघू बोलला.

"या! ब... ब... बसा!"

मानेला झटका. डोळे मिटलेले. आरशात तो दोनदा दिसला.

मग एकदम हशा उठला. "अरे, तोतरा पोपट!" "परत म्हण, मिठू, परत!" "ब-ब-बसा!" एकाने सुरू केलं आणि अख्खं सलून ब-ब-ब करायला लागलं. तोच वर्ग. पोरं तेवढी मोठी झाली होती, काहींना टक्कल पडलं होतं. राघू अंग चोरून कोपऱ्यात सरकला आणि त्याची चोच छातीकडे वळली.

दीर लाल झाला. "हा बिघडवला कुणी? गवंड्याच्या माणसांनीच शिकवलं असणार हे. चेष्टा करायला दुसरं कुणी सापडलं नाही?"

"आमच्या माणसांना बोलायला वेळ होता का? तुम्ही तर बिडीसुद्धा ओढू दिली नाहीत!" गवंडी तडकला.

"जिभेला मिरची चोळा, सुधारेल," कुणीतरी म्हणालं.

पक्षीवाला साबणातून म्हणाला, "असला तोतरा कोण घेणार? तरी पाठवून दे. कोपऱ्यात पडून राहील."

"आत्ताच घेऊन जा," दीर म्हणाला.

वेतवाली खुर्ची धरून उभी. तिच्याकडे कुणाचं लक्षही नव्हतं. तोंडात मिठाची गुळणी धरून उभी राहिली असती तरी चाललं असतं. दोष राघूचा, नाहीतर गवंड्याचा. इतकी वर्षं झाकलेलं झाकलेलं राहिलं असतं.

तिने खुर्ची खाली ठेवली.

"कुणी चेष्टा केली नाही. मी शिकवलं त्याला," ती म्हणाली. "आणि तो बि... बि... बिघडलेला नाही. मी अशीच बो... बो..."

मानेला झटका बसला. डोळे मिटले. आरशात तो झटका सगळ्यांना दिसला, आणि आत्ताच बघितलेला असल्यामुळे ओळखूही आला.

"बोलता, बोलता, कळलं, वहिनी," दीर घाईघाईने म्हणाला.

"थांबा, भाऊजी. शब्द माझा आहे." तिने दम घेतला. नव्या नळातलं पाणी तेवढं ठिबकत होतं. "अशीच बो... बोलते."

सासूने खुर्चीचे हात घट्ट धरले. "म्हणजे अगं... ते चारावर एक?"

"पा... पाच, आत्याबाई."

"आणि ओलं?"

"पा... पा... पाणी."

"अगं मग इतकी वर्षं सांगायचं नाहीस का मेले! मी आपली तुला माजोरी समजून मनातल्या मनात शिव्या देत बसले!"

"आता मोठ्याने द्या. मीही उत्तर देईन. वेळ लागेल, तेवढं थांबावं लागेल."

"पण लोक हसतील हो, वहिनी," दीर हलक्या आवाजात म्हणाला. "धंद्याची जागा आहे."

"हसू देत की. दाढी करून घ्यायला आलेत म्हणजे तोंडं त्यांचीही काही ठीक नाहीत."

गवंडी फिस्सकन हसला. या वेळी हसणं पक्षीवाल्याच्या अर्ध्या साबणावर जाऊन पडलं.

तिने पिंजऱ्याचं दार उघडलं आणि खुर्चीवरून लोंबणारी वेताची पट्टी आडवी धरली. राघू कोपऱ्यातून निघाला, पट्टीवर एक पाय, बोटावर दुसरा, हातावरून चढत चढत खांद्यावर आला आणि तिच्या मानेला चिकटला.

"पोपट माझा आहे, वहिनी," दीर म्हणाला. आवाजात पूर्वीचा जोर नव्हता, तरी म्हणाला. "पैसे मोजलेत मी."

"मग घ्या." तिने खांदा पुढे केला. "हात घाला आणि घ्या."

राघूने दिराकडे बघितलं. डोळ्यातलं काळं बारीक झालं, मोठं झालं. दिराने आपली तर्जनी बघितली. हात खिशात घातला.

"तुरुंग तुमचा," वेतवाली म्हणाली. "तो ठेवा."

आता तिला पिंजरा म्हणता आलं असतं. अडत अडत का होईना, सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं. पण आजवर पळवाट म्हणून वापरलेल्या सगळ्या शब्दांत हा एक शब्द नेमका होता, आणि नेमका शब्द बाई सोडणारी नव्हती.

मागच्या पडवीत ती येऊन बसते न बसते तोच गवंडी मागोमाग आला. त्याच्या घरी एक मोडकी खुर्ची होती. "वेतवाली, आमची कधी विणून द्याल?"

"प... प..."

गवंड्याचं तोंड मदतीला उघडलं. खांद्यावरून राघूने त्याच्याकडे मान तिरकी करून बघितलं. गवंड्याने तोंड मिटलं, डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली आणि थांबला.

"...परवा."

"परवा येतो," गवंडी म्हणाला आणि गेला.

"पा... पा... पाणी!" राघू ओरडला.

"देते रे बा... बाबा, देते." तिने वाटी भरली, उरलेलं पाणी अर्ध्या विणलेल्या खुर्चीवर शिंपडलं. सगळ्या गोंधळात पट्ट्या सुकायला लागल्या होत्या. तिने एक बोटावर वळवून बघितली, मोडली नाही. टोच्या उचलला, खुंटी उपटली आणि तिरकी पट्टी भोकातून ओढून घेतली. सुर्र.

"सुर्र," खांद्यावरून राघू म्हणाला. तिथे काही तो अडखळला नाही.